कानामागचा ठिपका

शिवलीलाला मी पहिल्यांदा बघितलं ते भांडताना. बघितलं म्हणजे काय, आधी ऐकलंच. सोलापुरात नवी पेठेत एका तीन मजली इमारतीचा जिना पुसायचं काम माझ्याकडं होतं, वीसेक वर्षं झाली असतील त्याला. दुसऱ्या मजल्यावर एक मोठं ब्युटी पार्लर होतं. काचेचं दार, आत गार हवा. कुणी दार उघडलं की ती हवा जिन्यात यायची, म्हणून तेवढा एक मजला मी जरा सावकाश पुसायची.

त्या दिवशी दार उघडलं आणि गार हवेबरोबर दोघी बाहेर आल्या. एक पार्लरची मॅडम, आणि एक काटकुळी पोरगी, हातात ओला नॅपकिन. आत गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून भांडायला जिन्यात आलेल्या. मी चौथ्या पायरीवर फडकं घेऊन होते. पण जिना पुसणारी बाई म्हणजे जिन्याचाच एक भाग. तिच्यासमोर माणसं खुशाल भांडतात.

"तू कोण गं तिला नाही म्हणणारी?" मॅडम म्हणाली. "तिनं गोल्ड फेशियल मागितलंय, गोल्ड फेशियल द्यायचं."

"मॅडम, तिच्या गालावर पिकलेले फोड हायेत. त्यावर मसाज केला तर तोंडभर पसरतील."

"ते तिचं ती बघेल."

"तिला कळत न्हाई म्हणून तर आपल्याकडं आलीय की."

"हॉटेलातला पोऱ्या गिऱ्हाइकाला सांगतो का, तुमचं पोट बरं दिसत नाही, मिसळ खाऊ नका म्हणून?"

मला वाटलं, आता पोरगी गप्प बसेल. ती म्हणाली, "पोट झाकलेलं असतंय मॅडम. तोंड घेऊन बाईला रस्त्यानं जायचं असतंय."

मॅडमनं तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. पोरगी आत गेली, पिशवी घेऊन आली आणि जिना उतरायला लागली. माझ्यापाशी येऊन थांबली. पायऱ्या ओल्या होत्या. तिनं चपला काढून हातात घेतल्या, "आत्ता पुसलंय की," असं स्वतःशीच म्हणाली आणि अनवाणी उतरून गेली. नोकरी गेलेलं माणूस पायऱ्या कशाला बघतंय? हिनं बघितल्या. भांडण मी नंतर विसरलेही असते, पण त्या हातात घेतलेल्या चपला काही विसरले नाही.

दोनेक वर्षांनी आमच्या भवानी पेठेत, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, ती मला पुन्हा दिसली. तिथं शरणबसवची पिठाची गिरणी आहे. मी ज्वारीचं दळण घेऊन गेले तर गिरणीच्या पायरीवर ही बसलेली, गळ्यात नवं मंगळसूत्र. मी ओळखायच्या आधी तिनंच ओळखलं.

"जिन्यावरच्या अव्वा की ओ तुम्ही."

अव्वा म्हणजे कानडीत आई. ती मूळची वळसंगची, घरात कानडी बोलणारी. तेव्हापासून मी तिची पारूअव्वा झाले. आम्ही जयभीमवाले, ती लिंगायत, तिच्या सासूला पहिल्यांदा हे अव्वा-बिव्वा फारसं रुचलं नव्हतं. पण शिवलीलाला एखादी गोष्ट सोडायची नसली की ती भांडायची नाही, नुसती करत राहायची. सासू थकून गेली.

गिरणीच्या बाजूला एक खोली होती. तिथं तिनं पार्लर काढलं. एक पडदा, एक आरसा, आणि एका न्हाव्याचं दुकान बंद पडलं होतं त्याची खुर्ची. त्या खुर्चीचा एक हात सुतळीनं बांधलेला. बाहेर पाटी लावली, 'शिवलीला ब्युटी पार्लर, फक्त महिलांसाठी'. मी दुसरी शिकलेली. ती पाटी मी दळण होईपर्यंत उभी राहून अक्षर अक्षर लावून वाचली, आणि शरणबसवला विचारलं, "बायकांसाठीच हाय तर तू रं का आत-बाहेर करतुयास?" तो बिचारा पिठानं पांढरा झालेला. म्हणाला, "माझं फेशियल रोज गिरणीतच होतंय अव्वा."

आता पार्लर म्हटलं की बाई जाते, बसते, भिंतीवरच्या दरांच्या फळ्यावर बोट ठेवते, हे द्या म्हणते. शिवलीलाकडं फळाच नव्हता. तिच्याकडं नियम होता. तो नियम कसा आला ते सांगते, कारण तिची सगळी कथा त्याच्यापुढंच आहे.

पार्लर सुरू होऊन महिना झाला असेल. मागच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या, तिच्याच समाजातल्या. नातीचं लग्न होतं, घरच्यांनी हौसेनं पाठवलेलं. त्यांच्या कपाळावर रोज विभूतीचे तीन पट्टे. आंघोळ झाली की विभूती, चाळीस वर्षं. शिवलीलानं तोंड पुसलं, कपाळावर बोट फिरवलं. कपाळ खडूसारखं कोरडं, खरखरीत. तिला वाटलं, कातडं कोरडं आहे, तेल पाहिजे. बदामाचं क्रीम घेऊन तिनं अर्धा तास मनापासून चोळलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या कपाळावर मोहरी पेरल्यासारखं पुरळ उठलं. विभूती लावली की आग. त्या बाई गिरणीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या नाहीत, हेच वाईट. हळू आवाजात म्हणाल्या, "माझं मालक गेलं त्या दिवशी पण माझं कपाळ मोकळं न्हवतं. तू मोकळं केलंस."

शिवलीला आठ दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. गार पाण्याची घडी ठेवायची, बघायची, परत यायची. त्या बाई बोलायच्या नाहीत, ही पण बोलायची नाही. नवव्या दिवशी पुरळ बसलं, त्यांनी विभूती लावली आणि हिला चहा दिला.

मला ती नंतर म्हणाली, "अव्वा, कातडं तेलकटच होतं की ओ. वरची राख सगळं तेल पीत होती. मी राखेलाच कातडं समजले."

त्या दिवसापासून नियम. पहिल्या दिवशी यायचं ते उठल्या-उठल्या, तोंड न धुता, विभूती नको, कुंकू नको, पावडर नको. खुर्चीत बसवून ती कपाळाला, नाकाला, गालाला, हनुवटीला पातळ कागदाचे तुकडे दाबायची आणि खिडकीशी धरून बघायची. भजी ठेवलेल्या कागदासारखा पारदर्शक झाला तर तेलकट. तसाच राहिला तर कोरडं. काहींचं कपाळ-नाक एक सांगायचं आणि गाल दुसरंच. अशा बाईला ती म्हणायची, "तुमचं कपाळ उजनीच्या काठचं हाय बघा, नुसतं पाणीच पाणी. गाल आमच्या वळसंगचे, पावसाची वाट बघणारे. दोन्हीकडं एकच पीक कसं लावायचं?" मग एकाच तोंडाला दोन लेप. कपाळा-नाकाला मुलतानी माती, गालाला साय आणि मध. बाई आरशात बघून हसायची, रंगवायला घेतलेल्या भिंतीसारखी दिसतेय म्हणून.

एवढं झालं तरी लगेच फेशियल नाही. जे लावायचं ठरलं त्यातलं थोडं ती आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कानामागं लावायची. शेंगदाण्याएवढा ठिपका. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन बघायची. लाल झालं नाही, खाजलं नाही, तर मग खुर्ची. ह्या कामाला तिच्याकडं मुलाची, शिवूची, जुनी कंपासपेटी होती. आत करकटक, कोनमापक काही नाही, पाच-सहा लहान डब्या. दिवेलागणीला ती पेटी काखेत घालून गल्लीतनं निघाली की पोरं म्हणायची, मावशी गणिताच्या क्लासला निघाल्या.

आणि पुष्कळदा तिचं उत्तर एकच असायचं. "बेड." म्हणजे नको. लग्नाच्या हळदीच्या आदल्या दिवशी कुणी ब्लीच मागितलं, बेड. "आज सोलून घ्याल, उद्या त्यावर हळद चोळाल, मग परवा लोक नवरीला विचारतील, भाजलं का गं." उन्हातनं तोंड भाजून आलेल्या शेतातल्या बाईनं घासून गोरं करायला सांगितलं, बेड. "ऊन गेलं की रंग आपोआप उतरतोय. छत्री घ्या." तोंडावर वांग असलेली बाई आली की शिवलीला आधी दिवा लावून स्वतःचंच तोंड पुढं करायची. शिवू झाला तेव्हापासून तिच्या दोन्ही गालांवर वांग होता, वाळलेल्या चहाच्या डागासारखा. कुठल्या फेशियलनं हे जात नाही, डॉक्टरला दाखवा, उन्हात झाकून फिरा, कमी होईल, सगळा जाईलच असं नाही, असं ती सांगायची. एकदा एक जण फणकारली, "स्वतःचं तोंड असलं आणि पार्लर काढलंय होय?"

"म्हणून तर तुम्हाला खोटं सांगता येत न्हाई ओ मला," शिवलीला म्हणाली.

शरणबसव मला म्हणायचा, "अव्वा, मी दळण परत पाठवलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीत जातंय. हिनं परत पाठवलेलं दोन महिन्यांनी येतंय आणि बहिणीला घेऊन येतंय. मला काय ह्यातलं गणित कळत न्हाई बघा."

मी स्वतः कधी त्या खुर्चीत बसले नाही. ती म्हणायची, मी टाळायची. म्हाताऱ्या तोंडाला काय करायचंय.

मग आमच्या घरातलंच एक तोंड तिच्यापुढं न्यायची वेळ आली.

माझी नात धम्मप्रिया, माझ्या मुलाची, प्रदीपची मुलगी. घरात आम्ही प्रियाच म्हणतो. शिक्षिका व्हायचं शिकली, पास झाली. हुशार आहे, तोंडासमोर सांगत नाही, पण आहे. शेवटच्या वर्षाला तिच्या तोंडावर मुरमं उठली. आधी कपाळावर, मग जबड्यावरून खाली हनुवटीपर्यंत. बारीक-सारीक नाही, ठसठसणारी. ती स्कार्फ बांधायला लागली. आता सोलापूरच्या उन्हात गाडीवर जाणारी कुठली पोरगी स्कार्फ बांधत नाही? नुसते डोळे उघडे, बाकी सगळं गुंडाळलेलं. त्यामुळं आम्हाला काही कळलंच नाही. मला कळलं ते एके दिवशी, ती घरात, पंख्याखाली, स्कार्फ बांधून भाजी निवडत होती तेव्हा.

"घरात कशाला गं बांधलंयस?"

"असू दे आज्जी."

ती जेवायला भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. आरसा असलेल्या खोलीत जाईना. आणि त्यातच एका शाळेचं पत्र आलं. जागा होती, पण जूनमध्ये वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा होता. मोठ्या बाई मागं बसणार, समोर चाळीस पोरं. पत्र वाचून घरात पेढे आणायची गोष्ट निघाली, आणि प्रिया म्हणाली, "मी जाणार नाही."

सून रडली, प्रदीप चिडला. प्रिया एवढंच म्हणाली, "स्कार्फ बांधून शिकवता येत नाही बाबा, आणि काढून मला उभं राहता येत नाही."

पाठाला तीन आठवडे होते. रात्रभर विचार करून सकाळी तीच माझ्याकडं आली. "आज्जी, शिवलीलामावशी गोल्ड फेशियल करतात का गं? तीन आठवड्यांत जाईल का सगळं?"

मला जिना आठवला. तरी मी तिला घेऊन गेले. तोंड न धुता, नियमाप्रमाणं.

शिवलीलानं कागद दाबला. कपाळावरचा कागद असा झाला की त्याच्यातनं खिडकीचे गज दिसावेत. तिनं मुरमांना हात लावला नाही. वाकून बघितलं, बराच वेळ.

"उजनी हाय ही सगळी," ती म्हणाली. "गोल्ड बेड. मसाज बेड, वाफ बेड, घासणं तर अजिबात बेड."

प्रियाचे डोळे भरले. "मग मी काय करू?"

"आधी ते दे बघू." शिवलीलानं तिच्या मांडीवरचा स्कार्फ उचलला. हातात घेऊन उलटा-पालटा केला, हनुवटीपाशी येतो तो भाग बघितला आणि नाकाशी धरला. माझ्या नातीचा स्कार्फ कुणी असा हुंगावा हे मला जरा लागलंच. "हा कधी धुतलास?"

"आठवड्यातनं एकदा."

"घामानं भिजतोय, तसाच सुकतोय, दुसऱ्या दिवशी परत तोंडाला. बघ, मुरमं कुठनं कुठपर्यंत हायेत. जिथं स्कार्फ घासतोय तिथं. हे जबड्याचं कळलं. आता कपाळाचं." ती प्रियाच्या केसांच्या मुळाशी बोट लावून बघत होती. "डोक्याला तेल कोण लावतं?"

"मी," मी म्हणाले. छाती पुढं काढून म्हणाले. "रोज. लहानपणापासनं. करडीचं, कोमट करून. अभ्यासानं पोरीचं डोकं तापतंय."

शिवलीलानं ते बोट कागदाला पुसलं आणि कागद खिडकीशी धरला.

मला कळायला थोडा वेळ लागला. पोरगी झोपते, तेल कपाळावर उतरतं. सकाळी त्यावर स्कार्फ बांधते. वर ऊन. मुरमं वाढली तसा माझा जीव कळवळला, आणि जीव कळवळला की मी तेल जास्त लावायची.

"आन तोंडाला काय लावलंत अव्वा?"

आता लपवून काय करायचं? "लिंबू पिळलं. हळद लावली. एकदा मीठ लावून चोळलं."

"तोंड हाय की कैरी, लोणचं घालायला?"

प्रिया हसली. महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी मात्र मान खाली घालून बसले. इतकी वर्षं मी ह्या बाईच्या नियमाचं कौतुक करत होते आणि माझ्याच घरात राखेला कातडं समजून बसले होते.

शिवलीला माझ्यासमोर खाली बसली. "पारूअव्वा, हात वाईट न्हाई तुमचा. जागा चुकली. रविवारी लावा, तासाभरानं डोकं धुऊन टाकू दे तिला. बाकीचे सहा दिवस नुसतं डोक्यावर हात ठेवा. तेवढा पण चालतोय."

मग दुसऱ्या दिवशी तिनं पार्लर बंद ठेवलं आणि प्रियाला सरकारी दवाखान्यात कातड्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. दोन तास रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की बरं होईल पण दोन-तीन महिने लागतील. दोन-तीन महिने, आणि पाठाला राहिले होते वीस दिवस. शिवलीलानं घरी येऊन आम्हाला तसंच्या तसं सांगितलं, काही कमी-जास्त न करता. प्रदीप म्हणाला, "काहीतरी लवकरचं नसतं का वहिनी? एक दिवसापुरतं?"

"असतंय. एक दिवस दिसेल छान, आन महिनाभर भोगेल. मी करणार न्हाई. दुसरीकडं मिळेल तुम्हाला." एवढं बोलून ती गेली. त्या दिवशी मला पण तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

प्रिया दुसरीकडं गेली नाही. सहा स्कार्फ केले, माझ्या जुन्या सुती लुगड्याचे, मऊ. रोज एक धुवायचा, उन्हात वाळवायचा. तोंड दिवसातनं दोनदा साध्या साबणानं. रविवारी तेल. बाकीचे दिवस मी तिच्या डोक्यावर कोरडा हात ठेवून बसायची. हातालाच चुकल्यासारखं व्हायचं.

पाठाचा दिवस उजाडला. नवी मुरमं यायची थांबली होती, पण जुनी होतीच, आणि डाग. प्रिया पहाटेपासून तयार होती आणि नऊ वाजता म्हणाली, "नाही जमणार मला." खाटेवर बसली, स्कार्फ घट्ट बांधून.

प्रदीपनं काही बोलायच्या आत दारात स्कूटर वाजली. शिवलीला आत आली नाही, बाहेरूनच म्हणाली, "चल गं, शाळेवरनंच जायचंय मला." शाळा जुळे सोलापुरात. तिला तिकडं काय काम होतं ते मी आजपर्यंत विचारलं नाही. प्रियाला वाटलं असेल, निदान फाटकापर्यंत जाऊन यावं. बसली मागं.

पुढचं मला प्रियानं सांगितलं. फाटकापाशी ती उतरली, पाय उचलेनात. शिवलीलानं हात पुढं केला.

"दे तो स्कार्फ."

"मावशी..."

"घामेजलाय. धुवायला टाकते. नियम म्हणजे नियम."

प्रियानं तिच्या तोंडाकडं बघितलं. कडक ऊन होतं, आणि शिवलीलाच्या गालांवरचा वांग उन्हात आणखीच गडद दिसत होता. तिनं काही लावलेलं नव्हतं. कधीच नसायचं. पोरीनं स्कार्फ सोडून तिच्या हातात दिला आणि आत गेली.

वर्गात दुसऱ्या बाकावरचं एक पोरगं उभं राहून म्हणालं, "टीचर, तुम्हाला डास चावलेत."

मागं मोठ्या बाई बसलेल्या. प्रिया म्हणाली, "डास नाहीत रे, मुरमं आहेत. मोठा झालास की तुलाही येतील, तेव्हा माझ्याकडं ये, मी सांगेन काय करायचं ते." सगळा वर्ग हसला, ती पण हसली, आणि मग तिनं पाठ घेतला. नोकरी लागली. बाहेर आली तर शिवलीला तासभर उन्हात स्कूटरवर बसलेली, स्कार्फ घडी करून हँडलला बांधलेला.

"तुमचं काम झालं मावशी?"

"झालं की."

ऑगस्ट लागेपर्यंत मुरमं बसली. डाग राहिलेत, ते जातील हळूहळू. पंधरा ऑगस्टला शाळेत प्रियाच्या वर्गाचा कार्यक्रम होता. तिनं शिवलीलाला विचारलं, आता तरी काही करता येईल का, हौस म्हणून. शिवलीलानं परत कागद दाबून बघितला, डॉक्टरला विचारून यायला लावलं, आणि म्हणाली, "कोरफडीचं साधं. हलक्या हातानं, दहा मिनिटं. पण आधी कानामागं."

मग माझ्याकडं वळली. "ह्या वेळी तुमचं पण करायचं अव्वा. तुम्ही तर सगळ्याच वळसंगच्या. साय-मध."

"मला गं कशाला? सुरकुत्या काय इस्त्रीनं जात्यात व्हय?"

"जाव्यात असं कोण म्हणालंय? तोंडाला कुणी मायेनं हात लावला की बरं वाटतंय. निम्म्या बायका माझ्याकडं त्याच्यासाठीच येतात. सांगत न्हाईत."

मी म्हणाले, बघू. पण नंतर आठवून बघितलं, माझ्या तोंडाला शेवटचा हात कुणी लावला होता. माझी आई. लग्नात.

ही गोष्ट मंगळवारची. बुधवारी पहाटे शिवलीलाच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. वय पन्नासच्या आतच. शरणबसवनं गिरणी तेरा दिवस बंद ठेवली. मूठमातीला बायका इतक्या आल्या होत्या की गल्लीत मावत नव्हत्या, आणि त्यातल्या पुष्कळ अशा होत्या की ज्यांना तिनं कधी ना कधी बेड म्हटलेलं. मागच्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या बाई पण होत्या, काठी टेकत, कपाळावर विभूती. त्याबद्दल मला आणखी सांगायचं नाही. मला मंगळवारच सांगायचाय.

मंगळवारी दिवेलागणीला दार वाजलं. प्रियानं उघडलं. आता ती दाराशी जाताना ओढणी शोधत नाही. शिवलीलानं तिच्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं, चपला उंबऱ्याबाहेर काढून आत आली. फरशी मी नुकतीच पुसली होती.

पलंगावर बसून तिनं कंपासपेटी उघडली. एका डबीत कोरफड, एका डबीत साय-मध. प्रियाचे केस बाजूला केले, उजव्या कानामागं बोट टेकवलं. "गार लागतंय?" "हो." "आग?" "नाही." मग माझ्याकडं सरकली. मी म्हणाले, माझं राहू दे. तिनं माझं ऐकलं नाही. पदर मागं सारला, माझं डोकं एका हातानं धरलं आणि डाव्या कानामागं शेंगदाण्याएवढा ठिपका लावला. बोट काढायच्या आधी अंगठ्यानं माझा गाल एकदा पुसला, जणू काही लागलं होतं. काही लागलं नव्हतं.

"चहा टाकते," मी म्हणाले.

"बेड अव्वा. अजून दोन घरं हायेत." डब्यांची झाकणं लावली, पेटी बंद केली, काखेत घातली. उंबऱ्याबाहेर चपला घालताना नेहमीचं बोलली, "सकाळी येऊन बघते. तोवर तिथं पाणी लावू नका."

आणि गल्लीतनं पुढच्या घराकडं गेली.